जुन्या पीसीवरचं कॅप्चर कार्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर

कार्ड चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. घरच्या व्हीएचएस कॅसेटी संगणकावर उतरवून घ्यायच्या म्हणून पेन्टियम फोरच्या जुन्या मशीनमध्ये बीटी८७८ चिपचं कॅप्चर कार्ड मदरबोर्डच्या पीसीआय स्लॉटमध्ये लावलं, त्याला आता बरेच महिने झाले. सुरुवातीला चित्र फाटायचं, फ्रेम गळायच्या आणि तासाभराच्या रेकॉर्डिंगच्या शेवटी आवाज ओठांच्या मागे पडलेला असायचा. आज यातलं काहीही होत नाही आणि कार्ड मात्र तेच आहे. बदललं ते त्याच्या आजूबाजूचं. त्यामुळे इथे कार्डापेक्षा केबल, डिस्क, साउंड कार्ड आणि व्हीसीआर यांच्याबद्दलच जास्त वाचायला मिळेल.

या कार्डाची जात समजून घेतली की निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. ते व्हिडिओ कॉम्प्रेस करत नाही. अ‍ॅनालॉग सिग्नलचं डिजिटल करायचं आणि कच्च्या फ्रेम पीसीआय बसवरून (कार्डांना मशीनशी जोडणाऱ्या मार्गावरून) थेट मेमरीत टाकायच्या, एवढंच त्याचं काम. पुढचं कॉम्प्रेशन प्रोसेसर करतो आणि साठवण डिस्क करते. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीची पूर्ण फ्रेम ७२०×५७६ ची, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट आणि सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला २०.७ एमबी आणि तासाला ७५ जीबीच्या आसपास. पीसीआय बसची कागदावरची क्षमता सेकंदाला १३३ एमबी, त्यामुळे जागा भरपूर आहे असं वाटतं. पण बस सगळ्यांची सामायिक असते आणि चिपच्या स्वतःच्या बफरमध्ये (डेटा तात्पुरता ठेवायच्या जागेत) चित्राची एक पूर्ण ओळसुद्धा मावत नाही. बस वेळेवर मोकळी मिळाली नाही की डेटा तिथेच सांडतो आणि पडद्यावर ओळी सरकलेल्या किंवा फाटलेल्या दिसतात.

तरीही तिथे पोहोचण्याआधीचे साधे प्रश्न हातावेगळे करावेत. चित्र काळंपांढरं येत असेल तर आधी दोन गोष्टी बघा. ड्रायव्हरमध्ये पालऐवजी एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली टीव्ही पद्धत, निवडलेलं असणं ही एक. त्यात चित्र वरखालीही सरकतं. दुसरी गोष्ट इनपुटची. कॉम्पोझिटची (सगळं चित्र एकाच तारेतून नेणारी) पिवळी पिन अ‍ॅडॅप्टर लावून एस-व्हिडिओच्या भोकात घातली आणि सॉफ्टवेअरमध्येही एस-व्हिडिओच निवडलं, तर रंग येणारच नाहीत, कारण एस-व्हिडिओत रंगाची तार वेगळी असते आणि तिच्यावर काहीच येत नसतं. चित्र मुळीच नसेल तर बहुतेक वेळा इनपुट ट्यूनरवर (अँटेनाच्या जोडणीवर) अडकलेला असतो.

कार्ड मशीनला दिसतच नसेल तर मशीन बंद करून, वीज तोडून कार्ड काढावं, सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवावं. तरी शंका राहिली तर लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून मशीन सुरू करा. तिथे या चिपचा बीटीटीव्ही ड्रायव्हर आधीपासून असतो आणि पीसीआयच्या यादीत हे कार्ड दोनदा दिसतं, एकदा व्हिडिओसाठी आणि एकदा ऑडिओसाठी. तिथे दिसलं आणि विंडोजमध्ये चाललं नाही, तर भांडण ड्रायव्हरशी आहे, कार्डाशी नाही. ही एक चाचणी मला फार मोलाची वाटते, कारण त्यानंतर माणूस उगाच कार्ड बदलायला धावत नाही.

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो फ्रेम गळण्याने. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर सुरू केलं की बाजूला गळलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो. सुरुवातीचे काही सेकंद तो शून्यावर राहायचा, मग एकदम दहा-बारा फ्रेम जायच्या, पुन्हा शांतता, पुन्हा तेवढ्याच फ्रेम. ही लय महत्त्वाची होती. कार्डातून येणारा डेटा अडत असता तर चित्र फाटलं असतं. इथे चित्र स्वच्छ होतं, फक्त गठ्ठ्याने गायब होत होतं. म्हणजे बफर भरत होता आणि डिस्क तो वेळेत रिकामा करत नव्हती. टास्क मॅनेजर उघडला तर नुसती मोठी फाइल एका जागेवरून दुसरीकडे कॉपी करतानाही प्रोसेसर जवळजवळ पूर्ण व्यापलेला.

हे लक्षण दिसलं की थेट डिव्हाइस मॅनेजरमध्ये जावं. आयडीई (जुन्या पद्धतीच्या डिस्क जोडणीच्या) कंट्रोलरखाली प्रायमरी चॅनलच्या प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज असतात, तिथे करंट ट्रान्सफर मोड लिहिलेला असतो. माझ्याकडे तिथे ‘पीआयओ’ होतं. विंडोज एक्सपीला डिस्कशी बोलताना वारंवार चुका आढळल्या की ती खबरदारी म्हणून वेग पायरीपायरीने खाली आणते आणि शेवटी पीआयओवर येऊन थांबते. या मोडमध्ये डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता डेटा थेट मेमरीत नेण्याची सोय, बंद असते, प्रत्येक बाइट प्रोसेसरला हाताने उचलावा लागतो आणि कॉम्प्रेशनला वेळच उरत नाही. मूळ कारण दूर झालं तरी मोड आपोआप वर जात नाही, हेही लक्षात ठेवावं.

चुकांचं मूळ निघालं आयडीई केबलमध्ये. डिस्क आधीच्या मालकाने जुन्या ४० तारांच्या पट्टी केबलवर जोडलेली होती आणि केबल घडीवर पिचलेलीही होती. यूडीएमएचे (अल्ट्रा डीएमएचे) सेकंदाला ३३ एमबीच्या वरचे वेग हवे असतील तर ८० तारांची केबल लागते. दोन्हींचे कनेक्टर ४० पिनांचेच असल्याने वरवर फरक कळत नाही. बोट फिरवून बघितलं की ८० तारांच्या केबलवरच्या रेघा खूप बारीक आणि दाट लागतात. तिचं निळं टोक मदरबोर्डला आणि दुसऱ्या टोकाचं काळं डिस्कला लावायचं. केबल बदलली, डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल अनइन्स्टॉल केला, मशीन रीस्टार्ट केलं. विंडोजने चॅनल नव्याने ओळखला आणि मोड अल्ट्रा डीएमएवर आला. त्यानंतर पूर्ण कॅसेट एकही फ्रेम न गळता उतरली.

डिस्कबद्दल आणखी दोन गोष्टी. कॅप्चरसाठी वेगळी डिस्क ठेवा, जिच्यावर विंडोज नाही, आणि ती एनटीएफएसमध्येच फॉरमॅट करा. एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटवर एका फाइलची मर्यादा ४ जीबी. हफवाययूव्हीसारख्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता कॉम्प्रेस करणाऱ्या, कोडेकने सेकंदाला दहा एमबीच्या आसपास डेटा होतो, त्या हिशेबाने सातएक मिनिटांत रेकॉर्डिंग थांबेल. प्रोसेसर अगदीच दमत असेल तर आडवं रिझोल्यूशन ३५२ वर आणायला हरकत नाही. व्हीएचएसवर आडवा तपशील तसाही साधारण २४० ओळींइतकाच असतो. उभे ५७६ मात्र कमी करू नका, कारण त्यात दोन फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं) गुंफलेली असतात. हलणाऱ्या वस्तूंच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसले म्हणून कार्डाला दोष देणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ते दात म्हणजेच मूळ सिग्नल आहे. कॅप्चर करताना ते पुसायला जाऊ नका, नंतर चांगल्या फिल्टरने सावकाश डीइंटरलेस करा.

चित्र फाटण्याचं कारण वेगळं होतं. कार्ड ग्राफिक्स कार्डाला लागून असलेल्या स्लॉटमध्ये होतं. पुष्कळ मदरबोर्डांवर एजीपी (ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट) आणि त्याच्या शेजारचा पहिला पीसीआय स्लॉट एकच इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधण्याची ओळ) वाटून घेतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून ‘रिसोर्सेस बाय कनेक्शन’ निवडलं की कोण कोणाबरोबर आहे ते कळतं. कार्ड दोन स्लॉट खाली नेलं, कॅप्चर चालू असताना ओव्हरले (पडद्यावर थेट चित्र दाखवण्याची सोय) बंद ठेवला आणि वापरात नसलेलं नेटवर्क कार्ड काढून टाकलं. फाटणं थांबलं. शिवाय गडद भागात दिसणाऱ्या तिरक्या बारीक रेघाही खूप कमी झाल्या, कारण कार्ड ग्राफिक्स कार्डाच्या विजेच्या गोंगाटापासून लांब गेलं. रुंद आडवे पट्टे हळूहळू वर सरकत असतील तर ती वेगळी तक्रार आहे. तो अर्थिंगचा लूप असतो, म्हणजे दोन ठिकाणी अर्थ झाल्याने विजेची गुणगुण चित्रात येते. अँटेनाची केबल व्हीसीआरमधून काढून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच पट्टे जातात.

आता आवाज. बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, ‘आवाज पुढेमागे का होतो?’ पण तो कसा होतो, हे आधी बघायला हवं. फरक हळूहळू, सारख्या गतीने वाढत असेल तर कारण घड्याळांचं आहे. चित्राची गती व्हीसीआरच्या सिग्नलवर चालते आणि आवाजाची साउंड कार्डाच्या क्रिस्टलवर. ४८,००० ऐवजी खरा वेग ४८,००५ असला तरी तासाभरात ०.३७ सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे नऊ फ्रेम, आणि तो डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. याला व्हर्च्युअलडबच्या टायमिंगमध्ये चित्राच्या वेगाशी जुळवून आवाज रीसॅम्पल करण्याची सोय आहे. फरक एका जागी अचानक उडी मारून पडत असेल तर मात्र तिथे फ्रेम गळली आहे, आणि रीसॅम्पल करून ते लपवण्यात अर्थ नाही. साउंड कार्ड एसी९७ जातीचं (बहुधा मदरबोर्डवरच असणारं) असेल तर ४४.१ ऐवजी ४८ किलोहर्ट्झवरच रेकॉर्ड करा, त्यातल्या बऱ्याच चिपांचा तोच मूळ वेग असतो. व्हीसीआरची तार लाइन-इनलाच लावा. माइकच्या भोकात लावलेला आवाज फाटतो आणि स्टिरिओही राहत नाही.

हे सगळं जुळल्यावरही काही कॅसेटींवर फ्रेम गळतच होत्या. त्यासाठी डीव्हीडी प्लेयर जोडून त्याच सेटिंगवर अर्धा तास कॅप्चर केलं. एकही फ्रेम गेली नाही, म्हणजे मशीन निर्दोष ठरलं आणि बोट कॅसेटकडे वळलं. टेप ताणली गेली असेल किंवा हेड मळलं असेल तर ओळी वेळेवर सुरू होत नाहीत, चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकतो आणि कार्डाला फ्रेमची सुरुवातच सापडत नाही. टीव्हीवर तीच कॅसेट बरी दिसते, कारण टीव्ही अशा सिग्नलला सांभाळून घेतो. यावर खरा उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळींची वेळ सुधारणारं यंत्र. तो नसेल तर व्हीसीआर आणि कार्ड यांच्यामध्ये डीव्हीडी रेकॉर्डर जोडून नुसता त्याच्यातून सिग्नल पुढे न्यावा. काही रेकॉर्डर ओळी बऱ्याच सरळ करून देतात. माझ्या सगळ्यात खराब कॅसेटी याच मार्गाने वाचल्या. चित्राच्या अगदी तळाशी काही ओळी विस्कटलेल्या दिसतात त्यांची काळजी करू नका. ती हेड बदलण्याची जागा आहे, प्रत्येक व्हीएचएसवर असते.

उणिवा आहेत. ६४ बिट विंडोजसाठी नीट चालणारा ड्रायव्हर मिळणं कठीण, त्यामुळे एक्सपीचं मशीन सांभाळावं लागतं. एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्ये संपला असल्याने मी ते इंटरनेटला जोडत नाही. आणि मशीनच जुनं असल्याने मदरबोर्डवरच्या कपॅसिटरांवर लक्ष ठेवावं लागतं. डोकं सपाट असेल तर ठीक, फुगलेलं किंवा तपकिरी चिकट झालेलं दिसलं तर कॅप्चर सोडा, आधी ते बदलून घ्या. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांवर हा त्रास सर्रास आहे.

यूएसबीचं छोटं कॅप्चर यंत्रही मध्यंतरी वापरून बघितलं. लावायला सोपं, पण उजळ भाग पांढरेफटक व्हायचे आणि ते कमी करायला सेटिंगच नव्हतं. या कार्डात ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट कॅप्चरच्या आधी हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) बघून बसवता येतात, आणि पांढऱ्या कपड्यांवरच्या घड्या टिकतात. एवढ्या एका कारणासाठीही मी कार्डच निवडेन. सध्या सगळं नीट चालतंय तोवर विंडोजच्या डिस्कची इमेज काढली आहे, ड्रायव्हरची फाइल दोन ठिकाणी ठेवली आहे आणि ८० तारांची एक जादा केबलही केसमध्येच बांधून ठेवली आहे. अजून एक खोकं कॅसेटी उरल्या आहेत.