टीव्हीहेडएंड: रेकॉर्डर चांगलाच आहे, पण गाइडची सेटिंग आधी बसवा

लंडनच्या घरावर क्रिस्टल पॅलेसच्या टीव्ही मनोऱ्याच्या दिशेने लावलेला अँटेना आधीपासून होता. त्याला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्यावर बसणारी, २०१८ साली बाजारात आलेली टीव्ही हॅट ही ट्यूनरची पट्टी आणि टीव्हीहेडएंड हे मोफत सॉफ्टवेअर जोडून फ्रीव्ह्यूचा, म्हणजे ब्रिटनमधल्या अँटेनावरच्या मोफत टीव्ही सेवेचा, रेकॉर्डर केला. (फ्रीव्ह्यू फुकट, टीव्ही लायसन्स मात्र भरावंच लागतं.) मागच्या उन्हाळ्यापासून घरात रोज वापरतोय. चित्र उत्तम, आवाज उत्तम. सगळी गोम आहे ती प्रोग्राम गाइडच्या (कार्यक्रमांच्या यादीच्या) सेटिंगमध्ये.

ब्राउझरमध्ये ९९८१ पोर्टवर टीव्हीहेडएंडचं पान उघडतं. व्ह्यू लेव्हल 'बेसिक' असेल तर सगळं सोपं वाटतं आणि कामाचं बरंच काही दिसतच नाही. पहिल्या दिवशीच 'एक्स्पर्ट' करून टाका.

मग ईपीजी ग्रॅबर मॉड्यूल्स, म्हणजे गाइड (ईपीजी) गोळा करणारे भाग. तिथे कुठकुठल्या देशांची नावं आहेत. फ्रीव्ह्यूवाल्याने यूके फ्रीव्ह्यूचं चालू ठेवावं आणि बाकीची बंद करावीत. त्याच मॉड्यूलमध्ये 'स्क्रेप एपिसोड' अशी टिकमार्कची जागा आहे, ती जरूर चालू करा. फ्रीव्ह्यूवर मालिकेचा सीझन आणि भाग क्रमांक बरेचदा वर्णनाच्या शेपटीला चिकटवलेला असतो. तो उचलून वेगळा ठेवला, तरच 'डुप्लिकेट हँडलिंग'ला कळतं की आज दुपारी लागलेला भाग परवाचाच आहे. नाहीतर पुनःप्रक्षेपणांनी हार्ड डिस्क भरून जाते.

गाइड सिग्नलमधूनच येतं आणि ते गोळा करायला ट्यूनर मोकळा लागतो. मूळ वेळा आहेत पहाटे २:०४ आणि दुपारी २:०४. टीव्ही हॅटवर ट्यूनर एकच, त्यामुळे दुपारी कोणी टीव्ही लावून बसलं की ती फेरी जवळपास फुकट जाते. मी दुपारची काढून पहाटे चारची टाकली. जोडीला 'गाइड ठरावीक तासांनी डिस्कवर साठवा' हेही लावा, म्हणजे वीज गेली तरी यादी कोरी होत नाही.

आता खरा विषय, पॅडिंग, म्हणजे कार्यक्रमाच्या आधी-नंतर जादा रेकॉर्ड करायची वेळ. विम्बल्डनचा सामना लांबला की पुढचं सगळं वेळापत्रक सरकतं. म्हणून सरसकट शेवटी अर्धा तास जादा ठेवावा असं वाटतं, आणि तिथेच एक ट्यूनर अडवतो. आठ ते नऊचा कार्यक्रम साडेनऊपर्यंत ट्यूनर धरून बसला आणि नऊचा दुसऱ्या मक्सवर (एकाच फ्रिक्वेन्सीवरून येणाऱ्या चॅनलांच्या गटावर) असला, तर नऊवाल्याची सुरुवात गेलीच. यावर उपाय म्हणजे दोन वेगळी डीव्हीआर प्रोफाइल, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सेटिंगचे संच. 'रोजचं' म्हणून एक, आधी २ मिनिटं, नंतर ५. 'खेळ' म्हणून दुसरं, नंतर ४५. ऑटोरेकच्या (आपोआप रेकॉर्डिंगच्या) प्रत्येक नियमाला हवं ते प्रोफाइल जोडता येतं. शिवाय बीबीसी वन, आयटीव्ही आणि चॅनल फोर यांचं एचडी प्रक्षेपण एकाच मक्सवर आहे, त्यामुळे ही तिन्ही एकाच ट्यूनरवर एका वेळी रेकॉर्ड होतात. शक्यतो त्यांच्या एचडी चॅनलवरूनच नियम लावा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

चॅनलच्या सेटिंगमध्ये 'यूज ईपीजी रनिंग स्टेट' पण आहे. चॅनलवाले 'कार्यक्रम आता सुरू झाला' अशी खूण सिग्नलमध्ये पाठवतात, त्यावर रेकॉर्डिंग चालू-बंद होतं. ऐकायला झकास, पण खूण वेळेवर आली तर! मोजक्या चॅनलांवर ठेवलंय, बाकी ठिकाणी पॅडिंगच बरं.

ऑटोरेकमध्ये नुसतं नाव टाकू नका. 'न्यूज' लिहिलंत तर ज्या ज्या नावात तो शब्द आहे ते सगळं येऊन पडेल. नावाच्या आधी ^ आणि शेवटी $ लावलं की नेमकं तेवढंच येतं. जोडीला चॅनल आणि वेळेची चौकटही घाला.

इतकं केल्यावर आता महिनोन् महिने त्या पानाकडे बघावं लागत नाही. कोडी या मीडिया प्लेअरमध्ये रेकॉर्डिंग दिसतात, आई रिमोटने लावते आणि बघते. नवीन नियम टाकायचा असेल तर मात्र लॅपटॉपच उघडा. फोनवर ते पान मुंगीएवढं दिसतं आणि सेव्हऐवजी भलतंच बटण दाबलं जातं.