दहा महिने जपान की चार तास ग्रामसभा? दिव्यांग तरुणांसाठी नेतृत्वाच्या वाटा

गेल्या जूनमध्ये आमच्या ग्रंथालयात एक मुलगी आली. बी. ए.चं शेवटचं वर्ष, दृष्टी अगदीच थोडी. मोबाइल नाकाला टेकवून वाचते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या चार जाहिराती तिने माझ्यापुढे धरल्या. "सर, यातलं कुठलं भरू? सगळीकडे लीडरशिपच लिहिलंय."

मी ग्रंथपाल. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पायाला आधाराचा कॅलिपर. अशा दोन-तीन शिबिरांना स्वतः जाऊन आलोय आणि बऱ्याच मुलांचे अर्ज भरून दिलेत, म्हणून हे प्रश्न फिरून माझ्याच टेबलावर येतात. त्या दिवशी तिला जे सांगितलं ते गडबडीत आणि तुकड्यातुकड्यांत सांगितलं. इथे जरा नीट मांडतो.

आधी एक सांगतो. 'नेतृत्व' म्हटलं की आपल्याकडे लोकांना माइक आठवतो. मुलाला व्यासपीठावर उभं करतात, तो 'मी अपंग असूनही' अशी सुरुवात करतो, टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ मिळतं, आणि पुढच्या वर्षी शालीसाठी दुसरा मुलगा शोधतात. बाविसाव्या वर्षी अशी एक शाल मलाही मिळाली. आई पुढे बरीच वर्षं ती इस्त्रीखाली घालत असे. त्यामुळे कुठलाही कार्यक्रम पाहिला की मी पहिल्यांदा हेच बघतो, की तिथे मुलांना काही ठरवता येतं का. पैसे कशावर खर्च करायचे, बैठक कधी घ्यायची, जाब कोणाला विचारायचा, यातलं काहीही चालेल. ठरवायला मिळणार नसेल तर ते वक्तृत्वाचं शिबिर आहे. तेही वाईट नाही, पण मग त्याला तेवढेच दिवस द्यावेत.

घर सोडून जायचं असेल तर

तिच्या जाहिरातींमधली सगळ्यांत चकचकीत होती जपानची. डस्किन ही तिथली फरशी पुसायचे मॉप भाड्याने देणारी मोठी कंपनी. तिच्या न्यासाच्या पैशातून १९९९ पासून हा नेतृत्व प्रशिक्षणाचा कार्यक्रम चालत आलाय. आशिया-पॅसिफिकमधल्या देशांतून मोजके दिव्यांग तरुण निवडतात आणि साधारण दहा महिने जपानमध्ये ठेवतात. आधी जपानी भाषा, कर्णबधिर असाल तर जपानी खुणांची भाषा. मग तुमच्या विषयाप्रमाणे वेगवेगळ्या संस्थांमध्ये काम शिकायला पाठवतात. नववर्षाला एखाद्या कुटुंबात राहायला नेतात, हिवाळ्यात बर्फावर. खर्च त्यांचा.

बर्फाचे फोटो बघून मुलं भुलतात, पण तिथून आणण्यासारखी वस्तू वेगळीच आहे. टोकियोजवळच्या हाचिओजीत १९८६ साली ह्यूमन केअर असोसिएशन नावाचं केंद्र निघालं. तीव्र अपंगत्व असलेल्या माणसांनी स्वतः चालवलेलं. पुढे अशा केंद्रांचं जाळंच झालं. तिथे व्हीलचेअरवरचा माणूस मदतनीस स्वतः नेमतो. मला कसं उचल, किती वाजता ये, हे त्याला सांगतो. आपल्याकडे हे सगळं आई करते. पंचवीस वर्षांच्या मुलाला आई आंघोळ घालते, काय घालायचं तेही तीच ठरवते, आणि घरात कोणालाच त्यात वावगं वाटत नाही. मदत मागणं वेगळं आणि मदतनिसाला काम सांगणं वेगळं. हा फरक एकदा डोळ्यांनी बघायला मिळणार असेल तर दहा महिने जरूर द्यावेत.

अवघड जातं ते परतल्यावर. रस्त्यावरची ती पिवळी उंचवट्यांची पट्टी मूळ जपानचीच. १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसवली. आमच्या तालुक्याच्या फुटपाथवरही ती आता आलीय. तिच्यावरून काठी टेकत सरळ चालत गेलात, तर थेट उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन आदळता.

याच्या शेजारी ठेवायचं ते केरळातलं कांतारी. तिरुवनंतपुरमजवळ, वेळ्ळायणी तळ्याच्या काठी, २००९ पासून. कांतारी म्हणजे तिकडची इवलीशी जहाल मिरची. आपली लवंगीच म्हणा. साबरिये टेनबर्केन या जर्मन बाईंनी आणि त्यांचे जोडीदार पॉल क्रोनेनबर्ग यांनी ते काढलं. बाईंची दृष्टी लहानपणीच गेली. त्यांनी तिबेटी भाषेसाठी ब्रेल लिपी तयार केली, ल्हासात अंध मुलांची शाळा काढली, आणि मग इथे आल्या. इथे फक्त दिव्यांगच असतात असं नाही. देशोदेशींची, काहीतरी सोसून त्यावर उपाय करू पाहणारी माणसं कित्येक महिने एकत्र राहतात. येताना स्वतःच्या कामाची कल्पना मात्र घेऊन यावी लागते. अंदाजपत्रक कसं मांडायचं, पैसा कसा उभा करायचा, संस्था कशी चालवायची, सगळं त्या कल्पनेवरच घासून घेतात.

दोन्हींत निवड करायची तर मी असं म्हणेन, की डस्किनवाले विचारतात 'तुला काय शिकायचंय?' आणि कांतारीवाले विचारतात 'तुला काय उभं करायचंय?' दुसऱ्या प्रश्नाला उत्तर तयार नसेल तर केरळला जाण्याची घाई करू नये. एकविसाव्या वर्षी ते उत्तर बहुतेकांकडे नसतं. नसलं म्हणून काही बिघडत नाही.

मुलींसाठी अमेरिकेतली एक वाट आहे. ऑरेगॉनमधल्या युजीन शहरात मोबिलिटी इंटरनॅशनल यूएसए ही १९८१ सालची संस्था आहे. जगभरच्या दिव्यांग स्त्रियांसाठी तिने १९९७ मध्ये 'वाइल्ड' नावाचा तीनेक आठवड्यांचा नेतृत्वाचा वर्ग सुरू केला. पण तो आधीच काही काम करत असलेल्या स्त्रियांसाठी आहे. कॉलेजच्या मुलीने पाच-सात वर्षांनी त्याचा विचार करावा.

इंग्रजीची पायरी

या सगळ्यांचे अर्ज इंग्रजीत, मुलाखती इंग्रजीत. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला रॅम्प नसलेल्या तीन पायऱ्यांपेक्षा ही पायरी उंच पडते, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तालुक्यातली हुशार अंध मुलगी ब्रेलमधून मराठी झरझर वाचते, स्क्रीनरीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) परीक्षेची तयारी करते, पण 'तुमच्या नेतृत्वाचा एक प्रसंग पाचशे शब्दांत लिहा' असं इंग्रजीत आलं की अडकते. तिने वसतिगृहाच्या मेसवाल्याशी भांडून सगळ्यांची आमटी सुधारलेली असते. हा त्यात बसणारा प्रसंग आहे, हेच तिला कोणी सांगितलेलं नसतं. मी आधी तो मराठीत लिहून घेतो. इंग्रजी नंतर करता येतं.

महिनोन् महिने घर न सोडता

मुंबईची रायझिंग फ्लेम ही २०१७ साली सुरू झालेली संस्था. तिच्या संस्थापक निधी गोयल स्वतः अंध आहेत, स्टँडअप कॉमेडीही करतात. दिव्यांग मुली आणि स्त्रियांसाठी त्यांचा 'आय कॅन लीड' हा कार्यक्रम आहे. इथे माझं मत सरळ सांगतो: पहिल्यांदाच घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या मुलीसाठी मी याला जपानच्या वर ठेवतो. आपल्या घरांत मुलाला 'कुठे चाललास' विचारतात आणि मुलीला 'सोबत कोण आहे'. दिव्यांग मुलीला तर हा प्रश्न पन्नाशीतही सुटत नाही. जिथे सगळ्याजणी हाच प्रश्न ऐकून आलेल्या असतात, तिथे तो समजावून सांगण्यात पहिले तीन दिवस जात नाहीत.

दिव्यांगांच्या रोजगारासाठी काम करणाऱ्या दिल्लीच्या एनसीपीईडीपी या संस्थेची जावेद आबिदी फेलोशिप वेगळ्या वळणाची आहे. आबिदी व्हीलचेअर वापरत. डिसेंबर १९९५ मध्ये दिव्यांगांसाठीचा पहिला कायदा संसदेतून मंजूर करून घ्यायला जी माणसं दिल्लीत रस्त्यावर उतरली, त्यांत ते पुढे होते. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या नावाच्या या फेलोशिपचा रोख कायदा, धोरण आणि हक्कांसाठी पाठपुरावा यांवर आहे. ज्याला सरकारी निर्णय वाचायला आवडतात (असतात अशी मुलं, आमच्याकडे एक आहे), त्याने ही घ्यावी. ज्याला माणसांत मिसळून काम करायचंय, त्याला ती कोरडी वाटेल.

सगळ्यांच्यात

'फक्त दिव्यांगांसाठी' या पाटीखाली जायचंच नाही, असं काही मुलं ठणकावून सांगतात. मला ते पटतं. अशांसाठी महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप आहे. तिला वय एकवीस ते सव्वीस, पदवीला ६० टक्के गुण आणि वर्षभराचा कामाचा अनुभव लागतो. मराठी येणं तिथे सक्तीचं आहे. आपल्या भाषेचा उपयोग होतो तो इथे. जागृती यात्रा म्हणजे पंधरा दिवस, सुमारे ८,००० किलोमीटर, शेकडो तरुण आणि एक आगगाडी. ओळखी भरपूर होतात, पण पंधरा दिवस रेल्वेच्या डब्यात झोपायचं आहे. वरचा बर्थ, डब्याचं शौचालय, फलाटावरची चढ-उतर, हे सगळं अर्ज करण्याआधी फोन करून विचारा. टोस्टमास्टर्सचे, म्हणजे भाषणाचा सराव करायचे, क्लब पुण्या-मुंबईत जागोजागी आहेत. स्वस्त, आठवड्याच्या आठवड्याला, आणि पाठ न केलेलं बोलायची सवय तिथे खरोखर लागते. कर्णबधिर मुलांना मात्र दुभाष्याची सोय स्वतः करावी लागण्याची तयारी हवी. आणि एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) तर कॉलेजातच आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. तुम्हाला फक्त हजेरीपटावर बसवत असतील तर अधिकाऱ्यांकडे हिशेबाची वही मागा. शिबिराचा किराणा ज्याच्या हातात, त्याचं सगळे ऐकतात.

'समावेशक' असं छापलेलं असलं तरी तपासून घ्यावं. एकदा एका मोठ्या हॉटेलात युवा परिषद होती. दुभाषी बोलावली होती, हातवारे सुरेख होते. मग पडद्यावर फिल्म दाखवायला दिवे घालवले. पाऊण तास ती बाई अंधारात हात हलवत उभी. पहिल्या रांगेतल्या चार कर्णबधिर मुलांपैकी एकाने शेवटी मोबाइलची टॉर्च तिच्या हातांवर धरली, तर स्वयंसेवक धावत आला, 'लाइट बंद करा, मागच्यांना त्रास होतो'. तेव्हापासून मी 'सोय आहे का' असं विचारत नाही. दुभाष्या कुठे उभा राहणार, शौचालयाचं दार किती रुंद आहे, पीडीएफ स्क्रीनरीडरने वाचता येते का, असं नेमकं विचारतो. उत्तर किती वेळात आणि कोणाकडून येतं त्यावरूनच बरंच कळतं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना मात्र वरच्या बहुतेक वाटा न बोलताच बंद आहेत. निबंध लिहा म्हटलं की ते बाहेर. त्यांच्यासाठी दोन ठिकाणं बघा. पालकांच्या संघटनांचा महासंघ 'परिवार' याच्या प्रेरणेने निघालेला सेल्फ ॲडव्होकेट्स फोरम, जिथे ही मुलं आपल्याबद्दल आपणच बोलतात. आणि स्पेशल ऑलिंपिक्स भारत, जिथे खेळाडूंनाच पुढे बोलायला आणि बैठकांत बसायला तयार करतात. आई-वडिलांना बाजूला बसवणं हाच तिथला अर्धा अभ्यासक्रम.

जाहिरात नसलेली वाट

आता ज्याची जाहिरात कोणी व्हॉट्सॲपवर टाकत नाही ते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो किती जमला, कुठे गेला, हे विचारायला कुठलीही फेलोशिप लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. मग ग्रामसभा: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखा गावोगाव ठरलेल्या.

आमच्या गावात मी पहिल्यांदा असा उभा राहिलो तेव्हा सभा शाळेच्या ओट्यावर होती, चार पायऱ्या वर, कठडा नाही. मी खालूनच विचारलं. ग्रामसेवक म्हणाले, "वर या, ऐकू येत नाही." मी म्हटलं, "खाली या, चढता येत नाही." लोक हसले, ते खाली आले, आणि कागद हातात धरून सांगू लागले: त्या वर्षी त्या निधीतून दिव्यांगांना सतरंज्या वाटल्या होत्या. सतरंज्या कोणी मागितल्या होत्या, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. पुढच्या वर्षी गावातल्या आम्ही अकरा जणांनी आधी आपसात बैठक घेतली. तिथे तीन तास भांडण झालं. एकाला शिलाई मशीन हवं, एकाला रोख, मला ओट्याला रॅम्प. रॅम्प हरला. त्या तीन तासांत मी जे शिकलो ते कुठल्या शिबिरात शिकलो नव्हतो.

याला प्रमाणपत्र नाही, विमान नाही, आणि गावात वैर येऊ शकतं हेही खरं. भावकीतला सरपंच असेल तर घरूनच विरोध होतो. एकट्याने करू नये. पण एक-दोन ग्रामसभा करून मग जो मुलगा फेलोशिपचा अर्ज लिहितो, त्याच्या पाचशे शब्दांत सतरंज्या असतात, आणि निवड करणारे ते वाचतात.

त्या मुलीला मी क्रम असा सांगितला: आधी ग्रामपंचायत, त्याच्याबरोबरीने 'आय कॅन लीड'चा अर्ज, आणि जपान दोन वर्षांनी, ती जाहिरात त्या वर्षी निघाली तर. तिला जपान आधी हवं होतं. घरी विचारून सांगते म्हणाली.

पंधरा दिवसांनी परत आली. वडील जपानला नाही म्हणाले होते, मुंबईला सोबत कोण म्हणाले होते, आणि ग्रामपंचायतीच्या अर्जाचं तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. अर्ज तिने फोनवर बोलून टाइप केला होता, 'स्वउत्पन्न'चं 'सौ उत्पन्न' झालं होतं ते आम्ही सुधारलं. दहा रुपयांचा स्टॅम्प पर्समधल्या बसपासच्या मागे जपून ठेवलेला. कोपरा कुठे आहे तेवढं दाखवा म्हणाली, आणि चिकटवला तिनेच.