जुन्या पवित्र शास्त्राचं बाइंडिंग : मिरजेतलं छोटं दुकान

लक्ष्मी मार्केटच्या मागच्या बोळात बाइंडिंगचं एक दुकान आहे, एका माणसाचंच. सासूबाईंचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, तिथे नव्याने बांधून घेतलं.

7 मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा आमचा थोरला जम्मूकडे ड्युटीवर होता. फोन लागेना. घरात टीव्ही बंद केला आणि रोज रात्री स्तोत्रसंहितेतलं 46 वं स्तोत्र वाचायला बसलो. लढाया थांबवणारा देवच आहे, असं त्यात आहे. 10 तारखेला शस्त्रसंधी झाली तोवर ते पान हाताळून हाताळून शिवणीतून सुटलं होतं. पोरगं सुखरूप आहे. ज्यांची परत आली नाहीत त्यांचाही देव तोच, हे मी रडत रडत मान्य केलंय.

दुकानातल्या काकांनी नुसता डिंक फासला नाही. सगळे फर्मे (एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे) उसवले, फाटलेल्या घडीला पातळ कागदाची पट्टी लावली, मग दोऱ्याने पुन्हा शिवलं. आता पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहतं. त्या पानावरचा माझ्या बोटाचा तेलकट डाग पुसू का, असं त्यांनी आधी विचारलं. मी नको म्हटलं.

350 रुपये घेतले. चार दिवस सांगून नऊ लावले, आणि पाठीवरची सोनेरी अक्षरं जरा तिरकी आलीत. तरी घरातली जुनी पुस्तकं यांच्याकडेच द्या.