अंतराळवीराच्या छातीवर काय लावायचं? युवारंगच्या एकांकिकेसाठी पाच मालिकांची तुलना

जळगावच्या विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवासाठी अंतराळयानावरची एकांकिका बसवत असाल, तर गणवेशावरच्या चिन्हाचा निर्णय टेलरकडे जायच्या आदल्या रात्रीवर ढकलू नका. टीव्हीच्या विज्ञानमालिकांनी या एका गोष्टीवर खूप डोकं लावलंय, आणि प्रत्येकीची पद्धत वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते. कुठे चिन्ह हुद्दा सांगतं, कुठे खातं, तर कुठे हा माणूस कुणाच्या बाजूचा आहे ते. तुमचं नाटक यांपैकी कोणत्या प्रश्नावर उभं आहे, हे आधी संहितेत शोधा.

‘स्टार ट्रेक’चं नाव तालमीत पहिलं निघणार. 1966च्या मूळ मालिकेत वेशभूषाकार विल्यम वेअर थाइस यांनी तीन रंगांचे सदरे दिले: कमांडला सोनेरी, विज्ञान आणि वैद्यकीय विभागाला निळा, इंजिनिअरिंग आणि सुरक्षेला लाल. छातीवर डाव्या बाजूला बाणाच्या टोकासारखं चिन्ह आणि त्याच्या आत विभागाची छोटी खूण. कमांडची खूण म्हणजे लांबट तारा. हुद्दा मनगटावरच्या सोनेरी फितींवरून कळतो. कप्तानाला दोन अखंड फिती आणि मधे एक तुटक, लेफ्टनंटला एकच अखंड, एन्साइनला, म्हणजे सगळ्यांत कनिष्ठ अधिकाऱ्याला, एकही नाही.

मंडपात शेवटच्या रांगेतून यातलं काय दिसेल? रंग नक्की दिसेल, बाणाचा आकार दिसेल, आतली खूण अजिबात दिसणार नाही. मनगटावरची फित नट हात वर करील तेवढीच दिसेल. म्हणून मोठ्या मैदानासाठी या पद्धतीतला रंग घ्या आणि बारकावे सोडून द्या. कापड घेताना एक गोष्ट मात्र विसरू नका. मूळ मालिकेतल्या कप्तान कर्कचा तो ‘सोनेरी’ सदरा प्रत्यक्षात हिरवट कापडाचा होता. स्टुडिओतल्या दिव्यांखाली आणि फिल्मवर तो सोनेरी दिसला. तुमच्याही दिव्यांवर पिवळा कागद चढला की निळा सदरा हिरवट दिसायला लागेल. जळगावच्या फुले मार्केटमधून कापडाचं थान उचलण्याआधी वीतभर तुकडा आणा आणि तो त्याच दिव्याखाली धरून बघा.

मूळ मालिकेत दुसऱ्या यानांवरच्या लोकांच्या छातीवर कधीकधी वेगळीच चिन्हं दिसतात, त्यामुळे बाणाचं चिन्ह फक्त ‘एंटरप्राइज’ या मालिकेतल्या मुख्य यानाचं आहे असा समज बरीच वर्षं टिकला. सहनिर्माते रॉबर्ट जस्टमन यांनी मात्र 1967मध्येच लिहून ठेवलं होतं की चिन्ह सगळ्या स्टारफ्लीटला, म्हणजे मालिकेतल्या अख्ख्या अंतराळदलाला, एकच हवं. हा घोळ मला फार शिकवणारा वाटतो. चिन्ह यानाचं, खात्याचं की सगळ्या दलाचं, हे पहिल्याच वाचनाला ठरलं नाही, तर प्रेक्षक स्वतःचा अर्थ लावून मोकळा होतो.

‘स्टार ट्रेक’च्याच 1987च्या ‘नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेने रंग उलटवले. कमांड लाल झाली, इंजिनिअरिंग आणि सुरक्षा सोनेरी झाली. दोन्ही मालिकांचे रंग एका नाटकात मिसळू नका, कारण माहीतगार पोरं पहिल्या मिनिटाला पकडतील. हुद्दा इथे गळपट्टीवरच्या टिकल्यांत आहे: कप्तानाला चार, कमांडरला तीन, आणि अधल्यामधल्या हुद्द्यांना एक पोकळ टिकली. हे वाचायला आपल्या प्रेक्षकाला शिकवावं लागत नाही. फौजदाराच्या खांद्यावर दोन तारे आणि पीआयच्या खांद्यावर तीन, हे धुळ्या-भुसावळच्या शाळकरी पोरालाही कळतं. पण पोलीस समोर उभा असतो तेव्हा! नट चाळीस फुटांवर असला, तर टिकली दिसतच नाही. कॅमेऱ्यावर शॉर्टफिल्म करत असाल तर ही पद्धत सगळ्यांत उजवी आहे, रंगमंचावर सगळ्यांत कमजोर.

तरीही या मालिकेतून एक गोष्ट उचलाच. तिथला छातीवरचा बिल्ला नुसता बिल्ला नाही, ते बोलण्याचं यंत्र आहे. छातीवर थाप मारली की आवाज होतो आणि संपर्क जोडला जातो. नाटकासाठी याच्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही: नटाला हाताला काम मिळतं, साउंडवाल्याला क्यू मिळतो, आणि बिल्ला निकामी झाला की यान एकटं पडलं हे संवादाशिवाय कळतं.

अर्थाच्या बाजूनेही ही मालिका श्रीमंत आहे. वॉर्फ हा क्लिंगॉन या परग्रहवासी जमातीचा अधिकारी गणवेशावरून आपल्या जमातीचा पट्टा आडवा घालतो. 1991च्या ‘एन्साइन रो’ या भागात रो लारेन या अधिकारी मुलीला तिच्या बाजोर ग्रहाच्या रिवाजाचं कानातलं काढायला लावतात, आणि शेवटी कप्तान पिकार्ड ते घालायची परवानगी देतात. ‘स्टार ट्रेक’च्याच ‘व्हॉयेजर’ या नंतरच्या मालिकेत बंडखोर माक्वी गटातले लोक यानावर सामील होतात तेव्हा त्यांच्या गळपट्टीवर नेहमीच्या टिकल्या नसतात, वेगळी तात्पुरती पट्टी असते. दलात घेतलं, पण पूर्ण नाही. तुमच्या नाटकात गावाकडून आलेली, अहिराणी बोलणारी शास्त्रज्ञ असेल, तर तिच्या गणवेशावर काय राहू द्यायचं आणि ते काढायला कोण सांगतं, यावर अख्खा प्रवेश उभा राहू शकतो.

आता माझ्या मते रंगमंचासाठी सगळ्यांत कामाची पद्धत, आणि तिचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही: 1975ची ब्रिटिश मालिका ‘स्पेस: 1999’. रूडी गर्नरिच यांनी चंद्रतळावरच्या सगळ्यांना एकाच फिक्या रंगाचा पोशाख दिला आणि फक्त एक बाही रंगीत ठेवली. प्रमुख कोएनिगची काळी, डॉक्टरांची पांढरी, सुरक्षेची जांभळी. रंगीत बाही लांबून दिसते, नट पाठमोरा असला तरी दिसते, आणि शिवायला स्वस्त पडते. एकाच थानातून सगळे सदरे, बाह्या तेवढ्या वेगळ्या. पांढरी बाही फिक्या सदऱ्यावर उठणार नाही, एवढं सांभाळा. ‘यास्मा साहेब कोन शे?’ असं कुणी मागून विचारलं, तर शेजारचा काळी बाही दाखवून मोकळा होईल.

‘स्टारगेट एसजी-1’वर जास्त थांबायला नको. तिथे खऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या सहकार्याने खराच गणवेश वापरलाय, आणि खांद्यावर तुकडीचं चिन्ह आहे. आजच्या काळातली गोष्ट असेल तर ही दिशा बरोबर, पण आपल्या सैन्याची चिन्हं जशीच्या तशी लावू नका, स्वतःची तयार करा. ‘स्टारगेट अटलांटिस’मध्ये मोहिमेवरचे लोक बाहीवर आपापल्या देशाचा ध्वज लावतात. तिरंगा लावणार असाल, तर त्याचा मान राखूनच. कमरेखालच्या कपड्यावर तो ध्वजसंहितेनुसार चालत नाही.

बाजू बदलण्याची गोष्ट सांगायची असेल, तर मात्र ‘बॅबिलॉन 5’कडेच या. ही मालिका 1994 ते 1998 या काळात चालली. सुरुवातीला अधिकारी पृथ्वीच्या लष्कराचा निळा गणवेश घालतात. मग पृथ्वीवरची सत्ता हुकूमशाहीकडे झुकते, ‘बॅबिलॉन 5’ हा अंतराळतळ तिच्यापासून फुटून निघतो, आणि तळावरची परग्रहाची राजदूत डेलेन या अधिकाऱ्यांना नवे काळे गणवेश देते. तिथून पुढे तो रंग बघितला की प्रत्येक वेळी त्यांचा निर्णय आठवतो. त्याच मालिकेत मन वाचू शकणाऱ्या लोकांना साय कोअर या त्यांच्यावर ताबा ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा बिल्ला आणि काळे हातमोजे घालावे लागतात. इथे चिन्ह मानाचं नाही, नजरेखाली ठेवण्याचं आहे. कप्तान मोठा दाखवण्यापेक्षा हे नाटकाला कितीतरी जास्त देतं, आणि परीक्षकांच्याही हे नजरेतून सुटणार नाही.

तर निवड अशी करा. मोठा मंडप आणि आठ-दहा पात्रं असतील, तर रंगीत बाही घ्या आणि छातीवर सगळ्यांना एकच मोठा बिल्ला द्या, निदान तळहाताएवढा. छोटं बंदिस्त नाट्यगृह असेल, तर मूळ ‘स्टार ट्रेक’चे तीन रंग पुरतात. कॅमेरा असेल तर टिकल्या. आणि कुणी फितूर होणार असेल, कुणाला दलातून काढणार असाल किंवा कुणी स्वतःहून सोडून जाणार असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून प्रेक्षकांसमोर उतरवता येईल असंच चिन्ह निवडा.

बिल्ल्याचा आकार स्वतःचा ठेवा, स्टारफ्लीटचा बाण तसाच उचलू नका. फळ्यावर दोन-तीन रेघांत काढता येईल एवढा तो सोपा हवा. मला विचाराल तर तापीवरून घ्या: ती पश्चिमेकडे वाहते, तर टोक एकाच बाजूला झुकलेली एक लाट पुरे. सनबोर्ड किंवा फोमशीट कापून वर सोनेरी रंग मारला की लांबून धातूच वाटतो. उतरवायचा बिल्ला मात्र सेफ्टी पिनने लावू नका, ऐन प्रसंगात ती अडकते. टिचबटणाचा आवाज मागपर्यंत जात नाही. वेल्क्रो लावा, तो ओढल्याचा चर्रकन आवाज होतो, आणि त्या क्षणी पार्श्वसंगीत बंद ठेवायला साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा.