हॉटेल काढण्याआधीची पाहणी: बुकिंग साइटवरून की प्रत्यक्ष राहून?

पणजीतल्या जुन्या घरात आठ-दहा खोल्यांचं बुटीक हॉटेल काढायचं, तर आसपासच्या हॉटेलांचा अभ्यास दोन वाटांनी होतो.

बुकिंग साइटवर दर फुकट कळतात. पण एकच तारीख पाहू नका. जुलैचा मंगळवार, नोव्हेंबरचा शनिवार आणि 31 डिसेंबर, तिन्ही टिपा. कर धरून की वगळून, तेही लिहा. 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के जीएसटी, त्यापुढे 18. म्हणजे 7,400ची खोली पाहुण्याला 7,770ला पडते आणि 7,600ची थेट 8,968ला! रिव्ह्यूंमध्ये दोन-तीन ताऱ्यांचेच वाचा. फसगत होते ती इथे: 'खोली शिल्लक नाही' म्हणजे हॉटेल भरलंच असं नव्हे, मालकाने खोल्या साइटवरून काढूनही घेतलेल्या असतात.

मुक्काम महाग पडतो, पण ओल, आवाज आणि पाणी साइटवर दिसत नाही. पावसाळ्यातच राहा. कपाट उघडून वास घ्या. सगळ्यांच्या आंघोळीच्या वेळी, सकाळी आठला, गरम पाणी किती मिनिटांत येतं ते घड्याळ लावून पाहा. वर लाकडी तक्तपोशी असेल तर खालची खोली घ्या. पावलं ऐकू येतात का ते कळेल. चादरी कुठे वाळतात तेही विचारा. एरवी पलंगामागे तीन जोड पुरतात, पावसात चौथा लागतो.

बजेट तुटपुंजं असेल तर साइटवरून गाळणी करून दोनच ठिकाणी राहा, तीही आपल्या दराच्या जवळची. सर्वांत महागड्या हॉटेलातली रात्र हौस म्हणून ठीक.