पर्यावरणपूरक बाग करून देणारी सेवा : आराखडा उत्तम, जमिनीखालचे काम कच्चे

पुण्यातील आमच्या घरामागच्या सुमारे ८०० चौरस फुटांच्या आवारात कमी पाण्यावर टिकणारी बाग करून घेण्याचे काम आम्ही फेब्रुवारीत उद्यानरचना करणाऱ्या एका संस्थेकडे सोपवले. मार्चअखेर काम पुरे झाले. त्यानंतर या बागेवरून एक उन्हाळा आणि एक संपूर्ण पावसाळा गेला असल्याने हा अभिप्राय पहिल्या दिवसाच्या देखणेपणावरून दिलेला नाही.

आराखड्याबद्दल आम्ही पूर्ण समाधानी आहोत. आमच्या मनात हिरवळ होती. परंतु कडक उन्हात एक चौरस मीटर हिरवळीला दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी द्यावे लागते, म्हणजे ५०० चौरस फुटांसाठी रोज २३० लिटरांच्या आसपास, हा हिशेब संस्थेने पहिल्याच भेटीत मांडला आणि आमचा विचार बदलला. त्याऐवजी तगर, अडुळसा, निर्गुडी, कुंती, कढीपत्ता आणि कोपऱ्यात एक बहावा अशी लावणी सुचवण्यात आली. झटपट पसरते म्हणून आम्ही मागितलेली सिंगापूर डेझी त्यांनी स्पष्टपणे नाकारली, कारण ती इतर रोपांना वाढू देत नाही आणि कुंपणाबाहेरही पसरते. जुन्या अंगणातील शहाबादी फरशी टाकून न देता तीच पायवाटेला वापरली, हेही मनाला भावले.

उणिवा दिसल्या त्या जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात. पायवाटेचे पाणी बागेकडे जाण्याऐवजी घराच्या जोत्याशी साचू लागले. १० फुटांत निदान दीड इंच उतार, तोही भिंतीपासून दूर, एवढी साधी अपेक्षा असते. पाणसळ लावून पाहिली तेव्हा उतार उलटा निघाला. दोन आठवड्यांत काही फरशा पायाखाली डुगडुगू लागल्या. एक फरशी उचलून पाहिली, तर खाली मुरूम होता खरा. पण तो थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकलेला नव्हता, नुसता पसरून वर कच टाकलेली होती. कडेला आधाराची पट्टीही नसल्याने पावसाने कच वाहून गेली. फरशी बसवल्यावर बादलीभर पाणी ओतून ते कोणत्या दिशेने जाते हे पाहिले असते, तर हा दोष त्याच दिवशी पकडला गेला असता. काम स्वीकारण्यापूर्वी प्रत्येकाने हे करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

याहून अधिक वाईट वाटले ते झाडांबाबत. ऑगस्टमध्ये तगरीची दोन रोपे पिवळी पडून मेली. उपटून पाहिली, तेव्हा एकाची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, रोपवाटिकेतील काळ्या पिशवीतच होती. पिशवीला फक्त खालून छेद दिला होता आणि मुळे आतल्या आत गोल फिरून गुंतली होती. दुसऱ्याचा बुंधा चार इंच मातीखाली गाडलेला असल्याने तिथली साल कुजली होती. त्याच खड्ड्यात वीतभर लाल मातीखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे आणि गिलाव्याचा चुरा सापडला. बांधकामाचा राडारोडा उचलून नेण्याऐवजी त्यावर माती पसरली, तर तिथे पाणी नीट मुरत नाही आणि सिमेंट-चुन्यामुळे माती अल्कधर्मी होऊन नव्या पानांना लोहाची कमतरता भासते. कुंतीची कोवळी पाने शिरा हिरव्या राहून मधल्या भागात पिवळी का पडत होती, याचा उलगडा तेव्हा झाला. ज्या बागेला पर्यावरणपूरक म्हणून मोल दिले, तिच्याच पोटात कचरा पुरावा, हे मला अक्षम्य वाटते.

ठिबकच्या नळ्या नीट अंथरल्या होत्या, मात्र बोअरचे पाणी असूनही गाळणी बसवलेली नव्हती. मे महिन्यातच तासाला ४ लिटर पाणी थेंबाथेंबाने सोडणारे अनेक ड्रिपर क्षारांनी आणि बारीक रेतीने तुंबले.

तक्रार केल्यावर संस्थेने पायवाट उखडून विनामोबदला पुन्हा घातली आणि गाळणी बसवली, ही जमेची बाजू नोंदवलीच पाहिजे. दुरुस्तीनंतर परतीच्या पावसातही जोते कोरडे राहिले. माती बदलण्यास मात्र त्यांनी नकार दिला; दोन ट्रॉली राडारोडा आम्ही स्वखर्चाने काढला आणि तिथे शेणखत मिसळलेला पोयटा भरला.

आराखड्यासाठी ही सेवा घेण्यास माझी हरकत नाही. प्रत्यक्ष कामासाठी घ्यायची असेल, तर खोदाई झाल्यावर, मुरूम ठोकल्यावर आणि रोप खड्ड्यात ठेवल्यावर अशा तीन वेळी आपण तिथे हजर असू, ही अट करारात लिहून घ्यावी आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसानंतरच द्यावा. आम्ही तो मार्चमध्येच दिला होता.