आठ महिने, एक कॅमेरा आणि पंचाची पाठ

नोव्हेंबरात कॅमेरा घेतला तेव्हाच ठरवलं होतं, जून उजाडल्याशिवाय यावर काही लिहायचं नाही. दुकानाच्या काउंटरवर कुठलाही कॅमेरा माणसाच्या डोळ्यावर झटकन फोकस पकडतो, कारण समोरचा दुकानदार हलतच नसतो. माझं काम तसं नाही. लग्नसराईत लग्नं, आणि एरवी जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे कबड्डीचे सामने, यात्रेच्या कुस्त्या, सारंगखेड्याचे घोडे. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. नाव आलं की त्या त्या कंपनीचे भक्त दंड थोपटून उतरतात आणि फोकसचा विषय राहतो बाजूला. फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढा सेन्सर) मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, २४ मेगापिक्सेल, मेकॅनिकल शटरला सेकंदाला १२ फोटो, पुढे ७०-२०० एफ/२.८ लेन्स. एवढं पुरे.

आधी कॅननचा ७डी मार्क टू होता. २०१४ चं मॉडेल, ६५ फोकस पॉइंट, सगळे क्रॉस टाइप, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारे. त्याच्याबद्दल माझ्या तोंडून वाईट निघणार नाही, त्याने घर चालवलंय. पण डीएसएलआरची, म्हणजे आरशाच्या कॅमेऱ्याची, जातच अशी की फोकसचा सेन्सर वेगळा असतो, आरशाच्या खाली. फोटोसाठी आरसा उचलला की तो आंधळा. खेळाडू पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून लेन्स हलवायची, एवढंच त्याच्या हातात. मिररलेसमध्ये फोटो उमटतो त्याच सेन्सरवर फोकसही मोजला जातो, म्हणून चौकटीच्या पार कडेचा कोपरारक्षकही पकडता येतो.

आता कबड्डी. लेन्स २०० एमएमला म्हणजे पूर्ण लांब आणि छिद्र एफ/२.८ म्हणजे पूर्ण उघडं ठेवून १० मीटरवरच्या खेळाडूवर फोकस केला, तर पुढचंमागचं मिळून साधारण ४० सेंटीमीटरच धारदार राहतं. म्हणजे हातभरही नाही. चढाईपटू एका झेपेत त्याच्या तिप्पट अंतर कापतो. त्यात समोर सात जण साखळी धरून उभे, मागे पंच, त्याच्या मागे प्रेक्षक. डोळे ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला ही जत्राच. पहिला महिनाभर मी सगळं ऑटोवर ठेवलं आणि पस्तावलो. एका सामन्यात उजव्या कोपऱ्याने घोटा धरला, चढाईपटू हात लांबवून मध्यरेषेकडे झेपावला, मी बटण दाबून धरलं. घरी येऊन पाहतो तर पहिले तीन फोटो सुरेख, आणि चौथ्यापासून मागच्या गुणलेखकाची मिशी काय स्वच्छ आली होती! चढाईपटूने मान खाली घातली, डोळे दिसेनासे झाले, आणि कॅमेऱ्याने जो चेहरा सापडला तो घेतला. त्याच्या हिशेबाने त्याचं चुकलं नव्हतंच.

तिथून शिकलो. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर नेला. पूर्ण चौकटीऐवजी छोटा झोन ठेवला, सुरुवात चढाईपटूपासून करायची आणि पुढे कॅमेऱ्याला धावू द्यायचं. सगळ्यात मोठा फरक पडला तो ट्रॅकिंगच्या संवेदनशीलतेने. मेनूत खोल कुठेतरी दडलेली ही पट्टी. उणेकडे नेली की कॅमेरा धरलेला माणूस सहसा सोडत नाही, अधिककडे नेली की जो आडवा येईल त्याच्यावर उडी मारतो. कबड्डीला मी उणे एकवर असतो.

कुस्तीला मात्र ही सगळी हुशारी गुंडाळून ठेवावी लागली. दोन पैलवान एकमेकांत गुंतलेले, चेहरा एकाच्या काखेत तर दुसऱ्याचा मातीत, अंगभर तांबडी माती. डोळा शोधायचा कुठे? गिरणाकाठच्या एका यात्रेत पहिल्या चार जोडांना कॅमेरा थेट समोरच्या प्रेक्षकांवर जात होता, कारण तिथे शेकड्याने डोळे होते. मग डोळे ओळखणं बंद केलं, एकच पॉइंट घेतला आणि तो वरच्या पैलवानाच्या खांद्यावर ठेवला. संवेदनशीलता पार उणेच्या टोकाला. पंच फिरत फिरत मध्ये येतो, त्याची पाठ सेकंदभर सगळी चौकट व्यापते. तरी फोकस जागचा हलला नाही, आणि पंच सरकताच धोबीपछाड मिळाली. जुन्या कॅमेऱ्यावर माझ्याकडे पंचांच्या पाठींचा अख्खा अल्बम आहे.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत उलट अनुभव. तिथे कॅमेऱ्याला फक्त ‘प्राणी’ सांगून ठेवलं. रेवाल चालीने येणारा घोडा लांबूनच पकडला आणि डोळा शेवटपर्यंत सोडला नाही. बिघडवलं ते मी. हौसेने इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, कारण त्यात फोटो जास्त मिळतात आणि आवाज होत नाही. असल्या सेन्सरवर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचलं जातं, तेवढ्यात घोडा पुढे गेलेला असतो. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला की मागचे तंबूचे खांब सगळे तिरके. सगळ्या ओळी एकदम वाचणारा ग्लोबल शटर सोनीने २०२३ मध्ये ए९ थ्रीमध्ये जाहीर केला, पण त्या किमतीत आमच्याकडे घोडाच येईल. मी मुकाट मेकॅनिकलवर परतलो.

रात्रीच्या सामन्यांचं दुखणं वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१००० सेकंदावर ठेवलं की एक फोटो उजळ, पुढचा काळवंडलेला, तिसरा पिवळट. ही लुकलुक (फ्लिकर) टाळण्याची सोय सुरू केली तर वेग थोडा घटतो, पण फोटो एकसारखे येतात. आणि जाहिरातीत अंधारात फोकस होण्याचा जो आकडा असतो त्याखालची बारीक ओळ वाचा. तो बहुधा एफ/१.२ सारखी लेन्स लावून मोजलेला असतो.

एप्रिलमध्ये तर कॅमेरा सर्व्हिसला पाठवायचीच वेळ आली होती. दुपारी मैदानाच्या पलीकडच्या टोकाचे धावपटू सगळे मऊ, जणू तेलकट काचेतून काढलेत. दोन आठवडे मेनू उलटेपालटे केले. मग लक्षात आलं, जवळचे फोटो ठणठणीत आहेत. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, आणि लांबच्या लेन्सला ती थरथर तेवढी मोठी दिसते. खानदेशच्या उन्हावर सेटिंग नाही. सकाळी लवकर जा, नाहीतर खेळाडूच्या जवळ जा.

बॅटरी आरशाच्या कॅमेऱ्याहून लवकर उतरते, तीन ठेवा. कार्ड वेगवान घ्या, नाहीतर ऐन पकडीत कॅमेरा श्वास घेत बसेल.

गेल्या पंधरवड्यात सामना संपल्यावर कोपऱ्यात खेळणारा एक पोरगा धावत आला. “भाऊ, मना फोटू उना का?” मी मागचा स्क्रीन दाखवला. बाराही फोटोंत चढाईपटू काचेसारखा स्वच्छ, कारण मीच त्याला धरून ठेवलं होतं. हा पोरगा त्याच्या पायाशी आडवा, चेहरा धूसर. घोट्याला आवळलेली बोटं तेवढी धारदार, नखातल्या मातीसकट. त्याने स्क्रीन डोळ्याजवळ नेला. “हाऊ मना हात शे,” म्हणाला, आणि आपल्या मोबाइलने त्या स्क्रीनचाच फोटो काढून घेतला.